आठशे वर्षांच्या देवळांवरचे सिमेंट आणि ऑइल पेंट थांबवा : एक खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, महाराष्ट्र शासन,
सर्व जिल्हा नियोजन समित्या,
आणि गावोगावच्या ग्रामपंचायती, देवस्थानांचे विश्वस्त व जीर्णोद्धार समित्यांचे सदस्य

विषय : गावांतील मध्ययुगीन दगडी मंदिरांवर सार्वजनिक पैशातून होणारी चुकीची कामे

स. न. वि. वि.

पावसाळा सरला की गावोगावी मंदिरांच्या कामांचे नारळ फुटतात. 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा निधी, आमदार निधी, मुंबई-पुण्याला नोकरीसाठी गेलेल्या मंडळींची वर्गणी असे पैसे जमतात आणि कामांची यादी जवळपास सगळीकडे सारखीच निघते : गाभाऱ्यात फरशी, खांबांना रंग, सांध्यांत सिमेंट, पुढे आरसीसीचा सभामंडप, आवारात पेव्हर ब्लॉक, रस्त्याला कमान. यामागच्या हेतूबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण देऊळ जेव्हा अकराव्या ते चौदाव्या शतकातले, काळ्या दगडाचे असते, तेव्हा या दोन-तीन महिन्यांत त्याची जी हानी होते ती आधीच्या आठशे पावसाळ्यांनी केलेली नसते. हे दरवर्षी चालले आहे, सरकारी मंजुरीने चालले आहे, आणि आता गप्प राहणे आम्हाला शक्य नाही.

हे पत्र लिहिणाऱ्यांत दगड घडवणारे आहेत, चुन्याचे काम करणारे आहेत, देवळांची मोजमापे घेऊन नकाशे काढणारे आणि शिलालेख वाचणारे आहेत. ही देवळे आमच्या गावांची आहेत. आमच्या जत्रा, आमची लग्नकार्ये त्यांच्याच आवारात होतात. त्यामुळे पूजा बंद करा, देव संग्रहालयात न्या असे काहीही आम्ही म्हणत नाही. देऊळ चालते राहावे आणि उभेही राहावे, एवढेच म्हणणे आहे.

आधी मुळाशी असलेली अडचण सांगतो. महाराष्ट्रातली मोठी मध्ययुगीन मंदिरे कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चे. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिराच्या आवारात यादव राजा सिंघणाचा शके ११३६ चा लेख आहे. सिन्नरचे गोंदेश्वर हे भूमिज शिखराचे (लहान शिखरांच्या ओळींनी घडवलेल्या शिखराचे) पंचायतन, म्हणजे मुख्य देवळाभोवती चार लहान देवळे. चाळीसगावजवळच्या पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. ही नावे सर्वांना माहीत असतात आणि त्यांच्यासाठी अधूनमधून पैसाही येतो. २०२१ च्या अर्थसंकल्पात राज्याने आठ प्राचीन मंदिरांसाठी १०१ कोटींची घोषणा केली, त्यात खिद्रापूर, सिन्नर, पुरुषोत्तमपुरी आणि मार्कंडा होते. चांगले झाले. पण केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा असे दोन्ही कायदे यादीतल्या वास्तूंपुरतेच आहेत, आणि दोन्ही याद्या मिळून काही शेच वास्तू भरतात. एक गाभारा, एक अंतराळ (गाभारा आणि मंडप यांमधली छोटी जागा) आणि बारा-सोळा खांबांचा सभामंडप असलेली जी लहान देवळे खानदेश, मराठवाडा, विदर्भ, नाशिक, नगर, सातारा, सांगली भागांत गावागणिक आहेत, त्यांतली बहुतेक कोणत्याच यादीत नाहीत. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाभोवती १०० मीटरच्या आत बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरला परवानगी लागते. या लहान देवळाच्या गाभाऱ्यात मात्र कोणीही ड्रिल मशिन चालवू शकतो. प्रस्तावात 'हेमाडपंती मंदिर' एवढे लिहिले की त्याचा इतिहास संपला. अंदाजपत्रक बनते ते शाळाखोली किंवा समाजमंदिर ज्या सरकारी दरसूचीवरून (कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीवरून) बनते तिच्यावरूनच. दरसूचीत काँक्रीट आहे, टाइल आहे, ऑइल पेंटचे दोन हात आहेत. म्हणून देवळालाही तेच मिळते.

हे देऊळ उभे कसे राहते ते समजून घेतल्याशिवाय पुढच्या तक्रारी पटणार नाहीत. यात दगड बहुधा कोरडे बसवलेले असतात. दोन दगडांचे पृष्ठभाग टाकीने इतके जुळवलेले असतात की भार सरळ खाली उतरतो. खांब, खांबावर कीचकाचे हस्त (तुळई पेलणारे कोरीव आधार), त्यावर तुळई, आणि तुळयांच्या चौकटीवर कोपरे कापत वर नेलेले छत. दगड दाब उत्तम घेतो, ओढ सहन करत नाही. ते ओळखूनच तुळया आखूड ठेवल्या आहेत. सांध्यांतून पाणी थोडेफार शिरते, तसे वाळूनही जाते. जमीन किंचित हलली तर दगड केसभर सरकून पुन्हा जागा धरतात. म्हणजे या बांधकामाला दोन सवलती लागतात : जरासे हलण्याची आणि ओल बाहेर टाकण्याची. आज जीर्णोद्धार म्हणून जे जे केले जाते ते यातली एक तरी सवलत काढून घेते.

पहिली तक्रार फरशीची आणि पाण्याची

ही आम्ही मुद्दाम पहिली घेतली, कारण सगळ्यात निरुपद्रवी वाटणारे हेच काम सगळ्यात जास्त देवळे खिळखिळी करते. गाभाऱ्याची मूळ जमीन प्रणालाकडे, म्हणजे पाणी बाहेर नेणाऱ्या दगडी नाळीकडे, उतरती असते. अभिषेकाचे पाणी भिंतीतून, बहुधा उत्तरेच्या बाजूने, मकरमुखातून बाहेर पडते. त्या जमिनीवर दोन इंच मसाला आणि वर टाइल बसली की पातळी तीन इंच चढते. दहा वर्षांनी त्यावरच ग्रॅनाइट बसते. उंबरठा बुडतो, त्यावरचे कीर्तिमुख अर्धे गाडले जाते आणि प्रणालाचे आतले तोंड फरशीखाली जाते. मग पाण्याला वाट उरते ती टाइलच्या सांध्यांतून खाली. अधिष्ठानाचा, म्हणजे देवळाच्या जोत्याचा, आतला भाग बहुतेक ठिकाणी दगडगोटे आणि मातीचा भराव असतो. पाणी त्यात मुरते आणि पायाखालच्या काळ्या मातीपर्यंत पोचते. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. दोन-चार वर्षांत एक कोपरा खचतो, खांब ओळंब्यातून जातो, तुळईची टेक बदलते आणि तिच्या पोटाला मधोमध चीर पडते. त्यानंतर समितीच्या बैठकीत ठराव होतो की देऊळ धोकादायक झाले आहे, नवीन बांधावे.

बाहेरूनही हेच घडते. पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट थेट जोत्याला भिडवले की जमिनीतली ओल उडून जायला जागा राहत नाही आणि ती दगडांतून वर चढते. आवाराची पातळी दर कामागणिक वाढत जाते. कितीतरी देवळांचा खुराचा, म्हणजे जोत्याचा सर्वांत खालचा, थर आज जमिनीखाली आहे. याला उपाय साधा आहे. बसवलेल्या टाइल सुट्या करून मूळ जमीन मोकळी करावी, प्रणाल साफ करावा, जोत्याभोवती किमान एक मीटर पट्टा मुरूम आणि दगडाचा ठेवावा, तिथून बाहेरच्या बाजूला पन्नासाला एक असा उतार द्यावा आणि पाणी दगडी उघड्या गटाराने आवाराबाहेर काढावे. भराव काढताना जेसीबी आवारात येऊ देऊ नये. पडलेल्या शिखराचे, आमलकाचे (शिखरावरच्या खाचांच्या चकतीचे), छताचे दगड याच भरावात सापडतात आणि बकेटच्या एका फटक्यात त्यांचे तुकडे होतात.

दुसरी तक्रार रंगाची, आणि रंग काढण्याची

ऑइल पेंटचा पापुद्रा दगडावर प्लास्टिकसारखा बसतो. छतातून आणि जमिनीतून आलेली ओल त्याच्यामागे अडते. तिच्यातले क्षार पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन फुगतात आणि दगडाचे वरचे कवच सुटते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पुष्कळदा चिकणमातीसारखी खनिजे असतात. वारंवार ओले-कोरडे झाले की ती फुगतात आणि दगड आतून भुसभुशीत होतो. रंगाने हे थांबत नाही. उलट चार-पाच वर्षांनी पापुद्रे निघू लागले की त्यांना चिकटून कोरीव कामच निघून येते. दुसरे नुकसान पहिल्याच दिवशी होते : सुरसुंदरीच्या गळ्यातली मण्यांची माळ, बोटांची पेरे, दाराच्या चौकटीवरच्या पत्रशाखेतल्या पानांच्या शिरा रंगाच्या तीन हातांखाली बुजून सपाट होतात.

आता काही गावांना मूळ दगड पुन्हा हवा आहे. त्याचा आम्हाला आनंद आहे आणि धास्तीही, कारण रंग काढायला सँडब्लास्टिंग, ग्राइंडर, तारेचा ब्रश किंवा अ‍ॅसिड वापरले जाते. सँडब्लास्टिंगने रंगाबरोबर टाकीच्या खुणाही जातात आणि दगडाचे टणक झालेले कवच निघून आतला कच्चा भाग उघडा पडतो. अ‍ॅसिडने लोहयुक्त खनिजांवर तांबूस डाग उठतात आणि नवे क्षार दगडात शिरतात. तारेच्या ब्रशचे कण अडकून गंजतात.

बरोबर पद्धत संथ आहे. नजरेआड असलेल्या कोपऱ्यात दहा बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा आधी करून पाहावा. रंग काढणारे द्रव्य कागदाच्या लगद्यात किंवा मातीत कालवून दोन-तीन मिलिमीटरचा लेप द्यावा, प्लास्टिकच्या कागदाने झाकावा, रंग मऊ झाला की बांबूच्या किंवा लाकडाच्या पातीने उचलावा, मऊ ब्रश आणि साध्या पाण्याने धुवावा. तीन-चार थरांच्या रंगाला हे तीन-चार वेळा करावे लागते. काही द्रव्यांच्या वाफा घातक असतात, बंद गाभाऱ्यात तर अधिकच. हवा खेळती हवी, हातमोजे आणि मास्क हवेत, आणि देखरेखीला रसायन जाणणारा माणूस हवा. काम झाल्यावर चकाकीसाठी वॉर्निश किंवा सिलिकॉनचा हात देऊ नये. त्याने पुन्हा तीच कोंडी होते. मूर्तीवरच्या शेंदराच्या जाड कवचाला तर समितीने हातच लावू नये. तो विषय पुजारी, गाव आणि मूर्तिसंवर्धक यांनी एकत्र बसून ठरवायचा आहे.

तिसरी : सांध्यांत सिमेंट, दगडांत लोखंड

कोरड्या सांध्यात सिमेंट भरले की भिंत एकसंध दिसते. सिमेंट ताठर असते, पाणी जाऊ देत नाही आणि स्वतःचे क्षार सोडते. सांध्याची वाट बंद झाल्यावर ओल दगडाच्या कडांतून बाहेर पडू लागते, कडा पोपडे धरतात, आणि जमिनीची हालचाल झाली की सांध्याऐवजी दगड फुटतो. नंतर ते सिमेंट काढायला जावे तर कडा तुटल्याशिवाय ते निघत नाही. म्हणजे ही चूक दुरुस्त करणे चूक करण्यापेक्षा महाग पडते. साध्या लोखंडाचे अँगल, ग्रिल, घंटेचे हूक, सीसीटीव्हीचे क्लॅम्प यांचेही तेच. लोखंड गंजताना फुगते आणि भोकाभोवतीचा दगड फोडते. द्वारशाखेत, म्हणजे दाराच्या कोरीव दगडी चौकटीत, भोके पाडून बसवलेला ग्रिलचा दरवाजा तर गावोगाव दिसतो. दरवाजा हवा असेल तर तो जमिनीवर टेकणाऱ्या स्वतंत्र चौकटीत, मूळ दगडापासून सुटा बसवता येतो. दगडाला दगड जोडायची वेळ आलीच तर तांब्याचे किंवा ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आकडे वापरावेत.

चौथी : नवे शिखर, नवा सभामंडप

पुष्कळ देवळांचे शिखर कधीच पडून गेलेले असते आणि गावाला ते परत हवे असते. ही भावना आम्ही समजू शकतो. पण एक घनमीटर काँक्रीटचे वजन जवळजवळ अडीच टन होते. गाभाऱ्यावर दहा घनमीटरचे शिखर चढवले म्हणजे चोवीस-पंचवीस टन भार वाढला, तोही शतकानुशतके वजन नसलेल्या, सांधे सुटलेल्या, कदाचित एका बाजूला कललेल्या भिंतींवर. मोजमाप नाही, पायाची तपासणी नाही, मूळ शिखर भूमिज होते की फांसना (पायऱ्यापायऱ्यांचे) याचा पत्ता नाही. मग दाक्षिणात्य गोपुरासारखे रंगीत काहीतरी वर बसते. खिद्रापूरच्या देवळाला पूर्ण दगडी शिखर नाही. म्हणून कोपेश्वर कोणाला अपुरा वाटला आहे काय? स्वर्गमंडपाच्या उघड्या वर्तुळातून दिसणारे आकाश पाहायला लोक देशभरातून येतात. गावातल्या देवळालाही शिखराविना राहू देण्यात कमीपणा नाही. छत मात्र गळता कामा नये.

आरसीसीचा सभामंडप बांधायचाच असेल तर जुन्या मुखमंडपापासून किमान काही मीटर सुटा, स्वतंत्र पायावर आणि उंचीने कमी बांधावा. आज स्लॅबची कड जुन्या तुळईवर टेकवली जाते, तिचे पाणी जुन्या छतावर सोडले जाते आणि नव्या पायाचा खड्डा जुन्या पायाला लागून, त्याहून खोल खणला जातो. या तिन्ही गोष्टी एकाच देवळात झाल्या की ते देऊळ वाचत नाही.

पाचवी : शिलालेख, वीरगळ, गधेगाळी

हा मुद्दा संचालनालयासाठी आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या भाषेचे जुने पुरावे दगडांवर आहेत, आणि ते याच देवळांच्या तुळयांवर, खांबांच्या चौरस भागावर, उंबरठ्याशी, आवारातल्या गधेगाळींवर (शापवचन कोरलेल्या दगडांवर) आहेत. शके ९३४ असा वाचला गेलेला अलिबागजवळच्या अक्षीचा लेख वर्षानुवर्षे रस्त्याच्या कडेला उघड्यावर होता. पाटण्याच्या लेखाचा उत्तरभाग मराठीत आहे. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरातल्या, 'चौऱ्याऐंशीचा' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखातून शके ११९५ च्या सुमाराची दाने कळतात. असे किती लेख आज ऑइल पेंटखाली किंवा फरशीखाली आहेत याची गणती कोणी केलेली नाही. वीरगळ, म्हणजे वीरांच्या स्मृतीचे कोरीव दगड, पायरीला वापरले जातात, गटारावर झाकण म्हणून टाकले जातात, चुन्याने पांढरे केले जातात.

कामाच्या आधी एक संध्याकाळ पुरेशी असते. अंधार पडल्यावर टॉर्चचा झोत दगडाला जवळजवळ समांतर, बाजूने टाकावा. दिवसा न दिसणारी अक्षरे उठून दिसतात. फोटो काढावेत, सोबत मोजपट्टी ठेवावी. अक्षरांत खडू, कोळसा, पीठ किंवा रंग भरू नये, खिळ्याने ती कोरून मोकळी करू नयेत. ठसा घ्यायचा तर प्रशिक्षित माणसानेच घ्यावा. सुटे वीरगळ आहेत त्याच जागी उभे ठेवावेत. त्यांना सिमेंटच्या चौथऱ्यात रोवू नये.

सहावी : झाडे

पिंपळ आणि वड भिंतीतून ओढून काढण्याची घाई करू नका. मोठे मूळ पुष्कळदा तेच दगड धरून असते, ते उपटले की भिंत त्याच्याबरोबर येते. खोड टप्प्याटप्प्याने कापावे, ताज्या कापावर काही मिनिटांच्या आत तणनाशक ब्रशने लावावे, मूळ पूर्ण मरेपर्यंत काही महिने थांबावे, आणि मग सैल झालेले मूळ काढून पोकळीत चुन्याचे पातळ मिश्रण भरावे. दरवर्षी दिवाळीच्या आधी रोपे बोटाएवढी असतानाच काढली तर हा प्रसंगच येत नाही.

सातवी तक्रार वेळापत्रकाची

आमच्या मते या सगळ्याची चावी इथे आहे. निधी डिसेंबर-जानेवारीत येतो आणि मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो. चुन्याला हे वेळापत्रक मानवत नाही. कळीचा चुना हौदात पाण्याखाली किमान महिनाभर मुरवावा लागतो. गोणीतली तयार पावडर टाकून ते काम होत नाही. मग तो वाळू आणि सुरखीबरोबर (विटांच्या भुकटीबरोबर) घाणीत किंवा चक्कीत दळायचा. सुरुवातीला एक भाग चुना, एक भाग सुरखी, एक ते दोन भाग चाळलेली वाळू असे प्रमाण धरतात, पण अखेरचे प्रमाण देवळातल्या जुन्या चुन्याची तपासणी करून आणि नमुने लावून ठरवायचे असते. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा यांचे पाणी घालतात. तेही मोजून, गूळ जास्त झाला की बुरशी धरते. छतावरचा कोबा (चुन्याचा जाड थर) थापीने कित्येक दिवस ठोकत बसवायचा, त्यावर ओले गोणपाट दोन-तीन आठवडे ठेवायचे. मार्चच्या उन्हात चुना मुरायच्या आधीच वाळतो, तडकतो, हाताला पीठ लागते. मग ठेकेदार म्हणतो, चुना टिकत नाही, सिमेंट घाला. किंवा कोणाला न सांगता चुन्यात सिमेंट मिसळतो. चुना टिकतो, त्याला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हे महिने मिळाले पाहिजेत. एका आर्थिक वर्षात न मावणारे काम दोन वर्षांत मंजूर करणे हा निर्णय कागदावरच घ्यायचा आहे.

तडे गेलेल्या तुळईबद्दलही घाई अशीच नडते. चीर दिसली की लगेच सिमेंटने बुजवली जाते आणि ती वाढते आहे की जुनीच स्थिर आहे हे कळायचा मार्गच बंद होतो. आधी तुळईखाली लाकडी पाट ठेवून स्टीलचे टेकू द्यावेत, चिरेवर तारीख लिहिलेली काचेची किंवा प्लास्टरची पट्टी चिकटवावी आणि एक पावसाळा, एक उन्हाळा वाट पाहावी. पट्टी तुटली तर पायाकडे बघायचे, तुटली नाही तर चिरेला चुना पुरेसा आहे.

दगड उतरवून पुन्हा बसवायचे काम तर सर्वांत शेवटचा उपाय समजावे. तो पत्करावा लागलाच, तर प्रत्येक थराचा नकाशा, प्रत्येक दगडाचे सर्व बाजूंनी फोटो आणि क्रमांक हवा. क्रमांक दर्शनी भागावर ऑइल पेंटने घालू नये. तो लपणाऱ्या बाजूवर असावा आणि त्याची नोंदवही दोन ठिकाणी असावी. अशी कामे फसतात ती बहुधा मधल्या काळात : निधी थांबतो, ठेकेदार बदलतो, क्रमांक पावसाने धुऊन जातात आणि आवारात दगडांची रास उरते. संपूर्ण कामाचा पैसा हाती नसताना पहिला दगड हलवू नये. नवा दगड बसवावा लागला तर तो जवळून पाहिल्यावर नवा म्हणून ओळखू यावा. त्यावर जुनी मूर्ती अंदाजाने कोरू नये.

एक सावधगिरी आमच्याच बाजूच्या लोकांसाठी. मूळ रूप मोकळे करण्याच्या उत्साहात मराठा काळातल्या भरी काढून टाकल्या जाऊ नयेत. विटा-चुन्याचे शिखर, दीपमाळ, नगारखाना, सुरूदार खांबांचा लाकडी मंडप हाही त्या देवळाचा इतिहासच आहे. अहिल्याबाई होळकरांच्या काळातल्या वेरूळच्या घृष्णेश्वरासारख्या कामांत दगड आणि चुना जाणणारे कारागीर होते. त्यांच्या हातचे काढायचे नाही. काढायचे ते गेल्या पन्नास-साठ वर्षांतले सिमेंट, टाइल आणि रंग.

आणि हे करता येते. पंढरपूरला २०२४ मध्ये विठ्ठल मंदिरात नंतर बसवलेल्या ग्रॅनाइट आणि संगमरवरी फरश्या काढून मूळ दगड उघडा करण्यात आला. त्यासाठी मार्चच्या मध्यापासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवले होते, मुखदर्शन चालू होते. लाखो वारकऱ्यांच्या देवस्थानात जे जमले ते पाचशे उंबऱ्यांच्या गावात जमणार नाही असे कोणी म्हणू नये. याच कामात मे महिन्याच्या अखेरीस फरशीखाली तळघर सापडले आणि त्यातून मूर्ती निघाल्या. फरशीखाली काय असते ते सर्वांनी पाहिले.

आमच्या मागण्या

१. शंभर वर्षांहून जुन्या कोणत्याही मंदिरावर, ते संरक्षित असो वा नसो, सार्वजनिक निधी खर्च करण्यापूर्वी संवर्धन वास्तुविशारद आणि पुरातत्त्व जाणकार यांचा संयुक्त पाहणी अहवाल बंधनकारक करावा. अहवालाविना जिल्हा नियोजन समितीने प्रशासकीय मान्यता देऊ नये.

२. अशा मंदिरांत ऑइल पेंट, सांध्यांत सिमेंट, गाभाऱ्यात व सभामंडपात टाइल-ग्रॅनाइट, सँडब्लास्टिंग आणि जुन्या दगडांवर आरसीसीचा भार या पाच गोष्टी शासन निर्णयाने मना कराव्यात.

३. दरसूचीत चुन्याचा कोबा, चुन्याची दरजभराई (सांधे भरणे), लेपाने रंग काढणे, प्रणाल व उतार पूर्ववत करणे, नकाशे व छायाचित्रण यांच्या स्वतंत्र बाबी घालाव्यात. दर नसला की काम होत नाही, हे अभियंत्यांनाही ठाऊक आहे.

४. संवर्धनाच्या कामाला दोन आर्थिक वर्षांची मुदत द्यावी आणि चुन्याचे काम ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळातच करून घ्यावे.

५. निविदा केवळ कमी दरावर उघडू नये. ठेकेदाराकडे चुन्याच्या आणि दगडाच्या कामाचा अनुभव आहे की नाही ते पाहावे, आणि पाथरवट व चुन्याच्या गवंड्यांना कुशल कारागिराचा रोज मिळावा.

६. प्रत्येक तालुक्यातील असंरक्षित मंदिरे, शिलालेख, वीरगळ आणि गधेगाळी यांची फोटो व ठिकाणासह नोंद करून ती सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांना यात घ्यावे.

७. ग्रामपंचायती आणि देवस्थानांना विनंती : या हंगामात ठरलेले रंगकाम आणि फरशीकाम तूर्त थांबवावे. त्याच पैशातून प्रणाल उघडा, छताची गळती चुन्याने बंद करा, आवाराचे पाणी बाहेर काढा आणि बोटाएवढी झाडे काढून टाका. ही चार कामे झालेले देऊळ पुढच्या निधीची वाट पाहत निर्धास्त उभे राहू शकते.

मंजूर झालेली पण सुरू न झालेली कामे अजून थांबवता येतात, म्हणून पहिल्या दोन मागण्यांवर निर्णय दिवाळीपूर्वी व्हावा. पाहणीसाठी, नमुने लावून दाखवण्यासाठी आणि गवंड्यांना चुना शिकवण्यासाठी आमच्यापैकी कोणीही कोणत्याही गावात यायला तयार आहे. त्याचे मानधन नको.

आपले,
गावांतल्या जुन्या देवळांच्या अभ्यासात आणि दुरुस्तीत असलेले काही जण